पिवळा पडलेला अनंत: स्वयंपाकघरातील खतांनी बिघडलेल्या कुंड्यांचे एक प्रकरण

वेंगुर्ले तालुक्यात, समुद्रापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर, माझ्या मावशीचे जांभ्या चिऱ्यांचे जुने कौलारू घर आहे. घराच्या दोन बाजूंना पडवी आहे आणि संक्रांतीला मी तिथे गेले तेव्हा त्या पडवीत ३४ कुंड्या होत्या. त्यांत ४ अनंत, ६ जास्वंदी, मोगरा, कढीनिंब, अबोली, शेवंती, क्रोटन, मनीप्लांट आणि काही किरकोळ झाडे होती. मावशीने या झाडांसाठी विकतचे खत कधीच आणलेले नाही. चुलीतील राख, अंड्यांची टरफले, केळीच्या साली, चहाचा चोथा, तांदळाचे धुवण, मासळी धुतलेले पाणी आणि नारळाच्या सोडणाचा (सालीचा) भुसा एवढ्यावरच तिची बाग चालत आली होती. गेली दीड-दोन वर्षे मात्र ही बाग उतरणीला लागली होती. अनंताला कळी धरत नव्हती, जास्वंदीची पाने फिकट पडली होती, मोगऱ्याच्या पानांचे शेंडे करपत होते, आणि झाड जितके मलूल दिसे तितकी मावशी त्याला अधिक खाऊ घालत होती.

घरातील साहित्य निसर्गाने दिलेले आहे, तेव्हा त्याने अपाय होणार नाही, फार तर उपयोग होणार नाही, असा समज अनेक घरांत असतो. या प्रकरणात तो समज कुठे आणि कसा चुकला हे एकेका कुंडीत तपासता आले, म्हणून ते सविस्तर मांडत आहे. मावशीची मेहनत किंवा तिच्या सासूकडून आलेले ज्ञान यांत दोष नव्हता. ते ज्ञान उघड्या जमिनीचे होते आणि ते जसेच्या तसे कुंडीत उतरवले गेले होते.

पहिले निदान, जे चुकले

पिवळे पान दिसले की नत्राची (नायट्रोजनची) उणीव आहे असे समजण्याची सवय आपल्याला असते, आणि माझ्याकडूनही तेच झाले. माझे शिक्षण दापोलीच्या कृषी विद्यापीठात झालेले असूनही मी त्या दिवशी पाने नीट उलटून पाहिली नाहीत. मूठभर शेंगदाण्याची पेंड दोन दिवस पाण्यात भिजवून, ते पाणी दहापट पातळ करून मी अनंताच्या आणि जास्वंदीच्या कुंड्यांना घातले. शेंगदाण्याच्या पेंडीत सुमारे ७ टक्के नत्र असते, त्यामुळे उणीव नत्राची असती तर दोन-तीन आठवड्यांत फरक दिसायला हवा होता. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मी पुन्हा गेले तेव्हा अनंताची नवी पाने आधीपेक्षाही फिकट होती आणि पडवीत चिलटे झाली होती. झालेला उशीर आणि चिलटांचा त्रास दोन्ही माझ्या घाईमुळे झाले. त्यानंतर कोणत्याही कुंडीत काहीही घालायचे नाही असे ठरवून, प्रत्येक झाडाचे कोणते पान पिवळे आहे, कसे पिवळे आहे आणि कुठून पिवळे पडत गेले आहे याची नोंद मी वहीत केली.

त्या नोंदींतून आजारी झाडांचे चार गट पडले. अनंत आणि जास्वंदीची जुनी पाने हिरवी होती, मात्र शेंड्याकडील नवी पाने पिवळी होती आणि त्या पिवळ्या पानांत शिरांचे हिरवे जाळे स्पष्ट दिसत होते. शेवंती, क्रोटन आणि मनीप्लांट यांची गोष्ट नेमकी उलट होती. त्यांची खालची जुनी पाने शिरांसकट पिवळी पडून गळत होती, वरची पाने हिरवी पण लहान होती. स्वयंपाकघराच्या मागील दाराजवळ असलेल्या मोगऱ्याच्या आणि कढीनिंबाच्या पानांच्या कडा आणि शेंडे तपकिरी होऊन करपले होते, आणि त्या कुंड्यांच्या बाहेरील बाजूस पांढरा थर चढला होता. अबोली माती ओली असतानाही दुपारी माना टाकत होती.

जुने पान आधी पिवळे पडते की नवे, हा भेद निदानात फार मोलाचा आहे. नत्र झाडाच्या शरीरात हलू शकते, म्हणून त्याची चणचण भासली की झाड जुन्या पानांतील नत्र काढून शेंड्याला देते आणि खालची पाने आधी पिवळी पडतात. लोह असे हलत नाही. जुन्या पानात एकदा बसलेले लोह तिथेच राहते, त्यामुळे मुळांकडून पुरवठा थांबला की नवे पान उपाशी जन्माला येते. ऊस किंवा भुईमूग पिकवणारा शेतकरी या अवस्थेला ‘केवडा पडला’ असे म्हणतो, आणि अनंताच्या पानांना केवड्याच्या पातीचाच रंग आलेला होता.

तांबड्या मातीत लोहाचा उपवास

मावशीला हे पटवणे कठीण गेले, आणि तिची शंका रास्त होती. कुंड्यांमध्ये जांभ्याची तांबडी माती होती आणि ही माती तांबडी असते तीच मुळी लोहाच्या ऑक्साइडांमुळे. फ्रान्सिस बुकॅनन यांनी १८०७ साली मलबारातील या दगडाचे वर्णन करताना विटेसाठीच्या लॅटिन शब्दावरून त्याला ‘लॅटराइट’ हे नाव दिले. त्याच दगडाच्या चिऱ्यांनी मावशीच्या घराच्या भिंती उभ्या आहेत. अशा लोहाच्या ढिगात रुजलेले झाड लोहावाचून पिवळे कसे पडेल, असे कोणालाही वाटेल. शेजारच्या काकांनी तर कुंडीत गंजलेले खिळे पुरण्याचा सल्ला दिला होता आणि दोन कुंड्यांत तो अमलातही आला होता.

झाडाला मातीत असलेले सर्व लोह मिळत नाही, पाण्यात विरघळलेले तेवढेच मिळते, आणि ते किती विरघळेल हे मातीच्या सामूवर (पीएचवर) अवलंबून असते. सामू ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल आणि त्यावर विम्ल माती. सामू एका अंकाने चढला की मातीतील पाण्यात मुक्त असलेले फेरिक लोह सुमारे हजार पटीने घटते. कोकणातील जांभ्याच्या मातीचा सामू बहुधा ५ ते ६.५ च्या दरम्यान असतो, म्हणून उघड्या बागेत इथल्या झाडांना सहसा लोहाची चणचण पडत नाही. अनंताला तर ५ ते ६.५ असा आम्ल सामूच मानवतो. गंजलेला खिळा म्हणजे पुन्हा लोहाचे ऑक्साइडच. विम्ल मातीत तोही दगडासारखा पडून राहतो, आणि त्या दोन कुंड्यांतून ते खिळे जसेच्या तसे बाहेर निघाले.

मग तपासणी केली. गाडीच्या बॅटरीत घालतात ते ऊर्ध्वपातित पाणी घेऊन एक भाग माती आणि अडीच भाग पाणी असे मिश्रण ढवळले, अर्धा तास निवळू दिले आणि वरच्या पाण्यात सामू दाखवणारी कागदाची पट्टी बुडवली. अंगणातील तुळशीवृंदावनाच्या मातीत पट्टी ६ च्या आसपास थांबली, तर अनंताच्या चारही कुंड्यांत ती ८ च्या पुढे गेली. दुसरी चाचणी याहूनही सोपी होती. अनंताच्या कुंडीतील कोरड्या मातीवर व्हिनेगरचे थेंब टाकले तेव्हा बारीक फेस आला, म्हणजे मातीला विम्ल करणारे कार्बोनेट तिच्यात मुक्त स्वरूपात होते. तुळशीच्या मातीवर तसा फेस आला नाही.

तुळशीला मावशी पाण्याखेरीज काहीच घालत नाही आणि ती तुळस घरातील सर्वांत निरोगी झाड होती, ही गोष्ट तोवर कोणाच्याच लक्षात आली नव्हती.

कार्बोनेट दोन वाटांनी आले होते. पहिली वाट राखेची. लाकूड जळताना त्यातील नत्र उडून जाते, पण चुना, पालाश (पोटॅश) आणि थोडे स्फुरद (फॉस्फरस) राखेत शिल्लक राहते, आणि राख पाण्यात कालवली तर ते पाणी तीव्र विम्ल होते. मावशीच्या चुलीत नारळाची सोडणे आणि झावळ्या अधिक जळतात, आणि सोडणांची राख पालाशाने विशेष संपन्न असते. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक कुंडीला एक मूठ राख असा मावशीचा नेम होता.

त्याचा हिशेब मी तिच्यासमोर बसून मांडला. आम्ल जमिनीतील बागेसाठी राखेची माफक मात्रा म्हणजे एका चौरस मीटरला वर्षाला सुमारे १०० ग्रॅम. दहा इंची कुंडीचे तोंड चौरस मीटरच्या विसाव्या भागाएवढे असते, म्हणजे त्या कुंडीच्या वाट्याला वर्षभरात ५ ग्रॅम, अर्थात एखाद-दुसरा चहाचा चमचा राख येते. एक मूठ राख २५ ग्रॅमची धरली तरी वर्षाच्या २४ मुठींची ६०० ग्रॅम होते. म्हणजे अनंताला योग्य मात्रेच्या १२० पट राख मिळत होती, आणि तीही अशा झाडाला की ज्याला ती मुळात नकोच होती.

‘राखेन कदी झाड मेला काय गो?’ असे मावशीने मला विचारले. तिच्या प्रश्नामागे मोठा अनुभव उभा होता. कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याची रीत आहे. शेण, कवळ (झाडांच्या तोडलेल्या फांद्या), पालापाचोळा आणि गवत यांचे थर पेटवून त्या भाजलेल्या जमिनीवर दाढ पेरतात. तिथे राखेचा फायदाच होतो, कारण जमीन आम्ल असते, तिचा विस्तार मोठा असतो आणि पुढचे चार महिने पडणारा हजारो मिलिमीटर पाऊस जास्तीचे क्षार धुऊन नेतो. पडवीतील कुंडीला यातले काहीच मिळत नाही. तिथे सात-आठ लिटर माती असते, वर कौले असतात, आणि पावसाळ्यात झापांची झड लावली की शिंतोडाही आत येत नाही.

कार्बोनेटाची दुसरी वाट मला अपेक्षित नव्हती. कुंडीतील मूठभर माती ताटलीत धुतली तेव्हा तळाशी राहिलेल्या रेतीत शिंपल्यांची बारीक कणी दिसली. माती मोकळी राहावी म्हणून मावशीने तीन वर्षांपूर्वी पुळणीवरची (समुद्रकाठची) रेती मिसळली होती. शिंपले म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि कोकणात पूर्वी शिंपले भाजूनच चुना करीत. अंड्याच्या टरफलांतही सुमारे ९५ टक्के हाच पदार्थ असतो. टरफलांचे मोठे तुकडे मात्र इतके सावकाश विरघळतात की त्यांचा उपाय आणि अपाय दोन्ही नगण्य होते. कुंडीत वर्षभरापूर्वी टाकलेली टरफले तशीच्या तशी हाताला लागली.

निदान पक्के करण्यासाठी आणखी एक चाचणी केली. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (लोहाचे सल्फेट) विरघळवून त्यात चार चमचे लिंबाचा रस घातला आणि एका अनंताच्या फक्त तीन पिवळ्या पानांवर ते पाणी संध्याकाळी कापसाने लावले. दहा दिवसांनी ती तीन पाने हिरवी होऊ लागली होती आणि बाकीची पिवळीच होती. हिराकस स्वयंपाकघरातला नाही हे मान्य आहे, पण एवढ्याशा वापराने प्रश्न लोहाचाच आहे हे मावशीला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता आले, आणि माझ्या कोणत्याही बोलण्याने जे झाले नसते ते त्या तीन पानांनी केले.

मीठ, भुसा आणि अबोली

मागील दाराजवळच्या कुंड्यांना मासळी धुतलेले पाणी जात होते. मासळीच्या पाण्यात रक्त, खवले आणि मांसाचे कण असतात, त्यांत नत्र आणि स्फुरद असते, आणि किनाऱ्यावरच्या घरांत ते पाणी माडाच्या बुंध्याशी ओतण्याची जुनी पद्धत आहे. माड मीठ सोसतो, एवढेच नव्हे तर त्याला मिठातील क्लोराइडची गरजही असते, आणि म्हणून काही ठिकाणी माडाच्या आळ्यात मुद्दाम मीठ घालतात. परसातला माड त्या पाण्यावर पोसला गेला होता. मोगरा आणि कढीनिंब मात्र तेवढे मीठ सोसू शकत नाहीत. मावशी बांगडा किंवा पेडवे साफ केल्यावर त्यांना मीठ चोळते, थोड्या वेळाने पुन्हा धुते आणि दोन्ही वेळचे पाणी एकाच बादलीत धरते. अशा पाण्यातून आठवड्याला केवळ २ ग्रॅम मीठ एका कुंडीत गेले, तरी वर्षाला १०० ग्रॅमपेक्षा जास्त होते, आणि ते धुऊन नेणारा पाऊस पडवीत पोहोचत नाही. त्यात एप्रिल-मे महिन्यांत घरच्या विहिरीचे पाणीही मचूळ होते. कुंडीच्या बाहेरचा पांढरा थर हा मातीच्या भिंतीतून झिरपून वाळलेल्या क्षारांचा होता, आणि बोटावर घेऊन चाखल्यावर त्याची खारट चव कळत होती.

शेवंती, क्रोटन आणि मनीप्लांट या तिघांनाच खरोखर नत्राची भूक होती, आणि माझ्या पेंडीचे पाणी त्यांना घातले असते तर उपयोग झाला असता. नोव्हेंबरात या कुंड्या नव्याने भरताना मावशीने निम्म्याहून अधिक ताजा सोडणाचा भुसा वापरला होता. भुसा पाणी धरून ठेवतो आणि हलका असतो, त्यामुळे तो उत्तम वाटतो, पण कच्च्या भुश्यात एका भाग नत्रामागे शंभराहून अधिक भाग कर्ब (कार्बन) असतो. तो कुजवणाऱ्या सूक्ष्म जीवांना स्वतःचे शरीर घडवण्यासाठी नत्र लागते, भुश्यात ते मिळत नाही, म्हणून ते मातीतील नत्र उचलतात आणि झाड उपाशी राहते. काथ्या मंडळाने अळिंबी वर्गातील बुरशीच्या साहाय्याने भुसा कुजवण्याची जी पद्धत प्रचारात आणली, तिचा हेतू हे गुणोत्तर खाली आणण्याचाच आहे. खाऱ्या पाण्यात मुरवलेल्या सोडणांच्या भुश्यात शिवाय मीठही असते. तो गोड्या पाण्याने तीन-चार वेळा धुतल्याखेरीज कुंडीत घालू नये.

अबोलीचा खताशी काही संबंध नव्हता. एक रोप उपटून पाहिले तर मुळांवर गाठी होत्या. हे सूत्रकृमींचे, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींचे, काम होते.

दुरुस्ती

फेब्रुवारीच्या मध्यास अनंताच्या आणि जास्वंदीच्या कुंड्या रिकाम्या केल्या. मुळांना धरून असलेली माती शक्य तेवढी झाडली, पण मुळे धुतली नाहीत, कारण उन्हाळा तोंडावर असताना बारीक मुळे तुटली असती तर झाड तगले नसते. नवे मिश्रण करताना दोन भाग सड्यावरची (जांभ्याच्या पठारावरची) तांबडी माती, दोन भाग कुजलेला पाचोळा आणि एक भाग नदीची वाळू घेतली. पुळणीची रेती पूर्ण वगळली. कुजलेला पाचोळा फणसाखालच्या ढिगातून, वरचा कोरडा थर बाजूला सारून, खालचा काळपट आणि भुसभुशीत भाग तेवढा घेतला. काजूची पाने चिवट असतात आणि वर्षभर तशीच राहतात, त्यामुळे काजूच्या बुंध्याखालचा पाचोळा या कामाला घेतला नाही.

मोगऱ्याच्या आणि कढीनिंबाच्या कुंड्या न उलटता धुऊन काढल्या. विहिरीचे पाणी अजून गोड होते, म्हणून प्रत्येक कुंडीला तिच्या मातीच्या दुप्पट, म्हणजे सुमारे १५ लिटर पाणी, सकाळपासून दुपारपर्यंत थांबत थांबत घातले आणि तळाच्या भोकातून ते वाहू दिले. सुरुवातीला खाली आलेले पाणी गढूळ आणि खारट होते. आठ दिवसांनी हेच पुन्हा केले. शेवंती, क्रोटन आणि मनीप्लांट यांच्या कुंड्यांत वरचा दोन इंच भुसा काढून त्या जागी जुने शेणखत भरले आणि दर कुंडीस २० ग्रॅम पेंड महिन्यातून एकदा, खोडापासून दूर, मातीत कालवून द्यायला सुरुवात केली.

आंबटपणासाठी कोकमाचे आगळ घालावे अशी एक सूचना आली होती. कल्पना सुचायला इथलीच होती, पण आगळ मिठात टिकवलेले असते आणि आमसुलांनाही मिठाचे पूट दिलेले असते, त्यामुळे ती नाकारावी लागली.

यानंतरचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण मावशीने आपल्या पद्धतीवरचा विश्वास सोडावा असे मला कधीच वाटले नाही. स्वयंपाकघरातून निघणारे सर्व काही झाडांनाच मिळायचे होते, फक्त कोणते थेट द्यायचे, कोणते आधी कुजवायचे आणि कोणते कुंडीऐवजी परसात न्यायचे हे ठरवायचे होते. त्यासाठी दोन जुने माठ घेतले, त्यांच्या तळाला आणि कडेला भोके पाडली आणि परसाच्या सावलीत विटांवर ठेवले. भाज्यांचे देठ, केळीच्या साली, चहाचा चोथा, कोलंबीची साले आणि मासळीची आतडी हा ओला माल एक भाग, आणि त्यावर सुका पाचोळा दोन ते तीन भाग, असे थर लावायला मावशी लवकरच शिकली. हिरवा आणि सुका माल थराथराने रचण्याची रीत अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथे शास्त्रीय पायावर उभी केली. त्यांच्या ढिगांतही राख होती, पण चिमटीने वापरल्यासारखी, आम्लता मोडण्यापुरती. मासळीचा भाग नेहमी माठाच्या मध्यावर पुरायचा आणि त्यावर वीतभर पाचोळा टाकायचा, नाहीतर मांजरे आणि कावळे माठ उकरतात. मालाला मुठीत दाबल्यावर पिळलेल्या कापडाएवढा ओलावा जाणवला पाहिजे. पाणी टपकले तर पाचोळा वाढवावा, आणि माठ सुकलेला वाटला तर तांदळाचे धुवण शिंपडावे. आठवड्यातून एकदा माल खालीवर केल्यास कोकणच्या उष्णतेत दहा ते बारा आठवड्यांत खत तयार होते.

काही वस्तूंबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवे. आपल्याकडील चहाचा चोथा साखर आणि दुधासकट उकळलेला असतो, तो थेट कुंडीत टाकला की मुंग्या येतात आणि बुरशी धरते, म्हणून तो गाळणीतच दोन पाण्यांनी धुऊन मग माठात टाकावा. केळीच्या साली भिजवलेल्या पाण्याचे कौतुक सर्वत्र ऐकू येते, पण त्यात मुख्यतः थोडे पालाश उतरते, नत्र जवळजवळ नसते, आणि पानांनी भुकेलेल्या झाडाला त्याचा उपयोग होत नाही. मावशीच्या कुंड्यांत राखेमुळे पालाश आधीच गरजेपेक्षा अधिक होते. तांदळाचे धुवण मात्र तिने सुरूच ठेवावे असे मी सांगितले, कारण ते सौम्य असते. ते त्याच दिवशी घालावे, कारण कोकणच्या दमट हवेत रात्रभर राहिलेले धुवण आंबून चिलटांना बोलावते. मासळीचे मीठ न लागलेले पहिले पाणी पाचपट पातळ करून केळींना जाते, आणि मीठ चोळल्यानंतरचे पाणी फक्त माडाला. राख परसातील आम्ल जमिनीत लाल भाजीच्या वाफ्याला आणि माडाला दिली जाते. कुंपणाला गिरिपुष्पाची झाडे होती, त्यांच्या कोवळ्या पाल्यात नत्र भरपूर असते आणि तो लवकर कुजतो, म्हणून माठ मंद पडला की तो पाला बारीक तोडून घालायचा. घराच्या कुंपणावर एवढे खत उभे असताना ते कोणी वापरत नव्हते याचे मला अजूनही वाईट वाटते.

आगोटीपासून चतुर्थीपर्यंत

मेच्या शेवटी, सुक्या मासळीची आणि कोकमांची आगोटीची बेगमी चालली असताना, मावशीने पाचोळ्याच्या दोन गोणी भरून माळ्यावर टाकल्या. पावसाळ्यात सुका पाचोळा मिळत नाही आणि तो नसला की माठातील माल सडून घाण सुटते, हे तिला स्वतःहून सुचले होते, मी सांगितले नव्हते. विहिरीचे पाणी मचूळ झाल्यावर मे महिन्यात मोगऱ्याची काही पाने पुन्हा करपली. त्यावर आमच्याकडे उपाय नव्हता, फक्त पाणी वरचेवर थोडे देण्याऐवजी दोन दिवसांआड पण तळातून वाहीपर्यंत द्यायला सुरुवात केली, म्हणजे क्षार मुळांपाशी साचू नयेत.

जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर सर्व कुंड्या पंधरा दिवस पडवीबाहेर, थेट पावसात ठेवल्या. उरलेले क्षार धुण्यासाठी याहून चांगले आणि फुकटचे पाणी नाही, मात्र त्याबरोबर नत्रही धुतले जाते, म्हणून कुंड्या आत घेतल्यावर प्रत्येकीला माठातील खताची ओंजळ दिली. आम्ही फेब्रुवारीपासून जपत आलेल्या चार अनंतांपैकी एक एप्रिलातच गेला होता. त्याची मुळे आधीच तपकिरी होऊन कुजलेली होती आणि माती बदलण्याचा धक्का त्याला सोसला नाही. उरलेल्या तिघांची जुनी पिवळी पाने पूर्ण हिरवी झाली नाहीत आणि ती होणारही नव्हती. पण जुलैत आलेली नवी पालवी गडद आणि तुकतुकीत होती. शेवंती आणि क्रोटन याच्या कितीतरी आधी, मार्चमध्येच सावरले होते. जास्वंदींपैकी चार फुलू लागल्या, दोन अजून फिकट आहेत. त्या दोन कुंड्यांत मुळांभोवती जुनी माती अधिक राहिली होती.

अबोलीची रोपे मुळांसकट जाळून टाकली, कुंड्या उन्हात तापवल्या आणि नव्या मातीत करंजाची पेंड मिसळून, गावातल्याच निरोगी झाडांच्या बियांपासून नवी रोपे केली. गणेश चतुर्थीपर्यंत त्यांना फूल आले नव्हते. अनंताला मात्र आले होते. एका झाडावर तीन कळ्या होत्या, त्यांतील एक मिटल्या मिटल्या गळाली आणि दोन उमलल्या.

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी तिन्ही कुंड्यांची माती पुन्हा तपासली. पट्टी ६.५ च्या आसपास थांबली आणि व्हिनेगरला फेस आला नाही. दिवाळीनंतर विहिरीवरचे पाणी सुरू होईल, तेव्हा डिसेंबरात आणि मार्चमध्ये हीच तपासणी पुन्हा करायची आहे. पट्ट्यांची डबी मावशीने देवघराच्या फडताळात, उदबत्तीच्या पुड्याशेजारी ठेवली आहे, आणि त्या दोन फिकट जास्वंदींची माती ती कोजागिरीच्या आधी स्वतःच बदलणार आहे.